नाम नाओच्या घाटात उलटलेली गोळी

नाम नाओच्या घाटात झालेली उलटी फडात कोणी उलटी म्हणून धरत नाही. चुम फे गाव मागे पडलं की बसमध्ये प्लॅस्टिकच्या पिशव्या फिरतात. वळणं सुरू झाली की एकेक मान खाली जाते, आणि घाट उतरून लोम सक आलं की त्याच पोरी चिकटभात आणि भाजलेली कोंबडी मागायला मोकळ्या होतात. रात्रभर नाचायचं, तोंडावरचा रंग अर्धामुर्धा पुसायचा आणि पहाटे उपाशीपोटी बसमध्ये चढायचं. मग दुसरं काय होणार?

त्यामुळे खाओफांगने पिशवीत तोंड घातलं तेव्हा शेजारच्या पिकुनने तिच्या पाठीवर हात फिरवला, तोही सवयीने. डोळे खिडकीबाहेर होते. खाओफांगने तोंड पुसलं, पिशवीला गाठ मारली आणि मागेपुढे बघून हळूच म्हणाली,

"पी, झोपलीस का?"

फडात थोरलीला पी म्हणतात. पिकुन खाओफांगपेक्षा तेरा-चौदा वर्षांनी थोरली होती.

"तुझ्या आवाजाने कोण झोपेल?"

"बसमध्ये चढताना ती गोळी घेतली होती मी."

"कुठली?"

"ती गं. नंतरची. डबीतल्या दोन्ही एकदम गिळल्या. दुकानातल्या माणसाने सांगितलं होतं तसं."

"बरं मग?"

"मग काय? सगळं आलं की बाहेर, या पिशवीत." खाओफांगने गाठ मारलेली पिशवी उचलून दाखवली. "चालेल ना?"

बस सुटून जेमतेम तास झाला होता. पिकुनने पिशवीकडे पाहिलं, मग खाओफांगकडे. रंग उतरलेला चेहरा, डोळ्यांच्या कडांना काल रात्रीची चमकी. एवढं ओकूनही पोरगी सुंदर दिसत होती.

"चालेल," पिकुन म्हणाली. "एव्हाना भिनलं असेल अंगात. झोप आता."

खाओफांगने तिच्या खांद्यावर डोकं टेकवलं आणि खरंच झोपली.

चालणार नव्हतं. पिकुनला ते पक्कं ठाऊक होतं. दिवस जाऊ नयेत म्हणून घेतलेली गोळी दोन-तीन तासांच्या आत उलटून पडली तर ती पुन्हा घ्यावी लागते. हे एक वाक्य उच्चारायला तिला नुकत्याच बोललेल्या खोट्याइतकाच वेळ लागला असता. ते तिच्या तोंडात आलंही होतं.

*

पिकुन कालासिनकडची. बाप शेती करून खेन वाजवायचा. बांबूच्या नळ्यांचा तो बाजा फुंकत तो गावोगावच्या पूजेला जायचा आणि मुलीला बरोबर न्यायचा. सतराव्या वर्षी ती या मोरलामच्या, म्हणजे रात्रभर चालणाऱ्या नाच-गाण्याच्या खेळाच्या फडात आली. पावसाळ्यात खेळ बंद असतात, तेव्हा नव्या पोरी निवडतात. त्या वर्षी शंभरेक पोरी आल्या होत्या. नाच शिकवणाऱ्या ख्रू ओरासांनी पिकुनला एकदा चालायला सांगितलं, एकदा वळायला सांगितलं आणि सरळ पहिल्या रांगेत मधोमध उभं केलं.

पहिल्या रांगेत मधोमध म्हणजे काय, हे फडाबाहेरच्या माणसाला कळायचं नाही. गाणारी येते-जाते, विनोदी नट येतात-जातात, पण पडदा उघडला की सगळ्यांत आधी दिसते ती मधली पोर. भिंतीवरच्या जाहिरातीत गायिकेच्या मागे तिचाच फोटो असतो. चटया घेऊन दुपारपासून जागा धरणारे लोक तिला नावाने हाक मारतात. पिकुन सहा हंगाम तिथे होती.

सातव्या हंगामात तिनेही तीच गोळी घेतली. तिची उलटून पडली नाही. गोळी घेतल्यावर सहाव्या दिवशी थोडं रक्त दिसलं. तिने ते पाळी म्हणून धरलं, मैत्रिणींना सरबत पाजलं आणि निर्धास्त झाली. त्याच आठवड्यात ढोलकीवाला पुन्हा तिच्याकडे आला, तेव्हा तिने त्याला अडवलं नाही. गोळी घेतलीय म्हणजे महिनाभर काळजी नाही, असा तिचा समज होता. पुढे कंबरेचा पट्टा लागेना, तेव्हा शिवणकाम करणाऱ्या बाईने आधी ओळखलं. गावच्या दवाखान्यातल्या नर्सने मग एकेक गोष्ट सांगितली. गोळीनंतर दिसणारं थोडंसं रक्त म्हणजे पाळी नव्हे. गोळी त्या एका वेळेपुरती असते, पुढच्या रात्रींसाठी नसते. पिकुनने सगळं नीट ऐकलं. त्या वेळी त्याचा उपयोग नव्हता.

मुलगी झाली, तिचं नाव इम. ढोलकीवाला तैवानला कारखान्यात गेला, आधी फोन यायचे, मग थांबले. दोन हंगाम गावी काढून, इमला आईकडे ठेवून पिकुन परत आली, तेव्हा मधोमध दुसरी होती. ख्रू ओरासांनी तिला दुसऱ्या रांगेत मधोमध उभं केलं. पुढची सोडून गेली की जागा आपली, असं पिकुनने धरूनच ठेवलं होतं. पुढची तीन वर्षांपूर्वी लग्न करून गेली. ख्रू ओरासांनी नव्या पोरींतून खाओफांगला उचललं आणि पुढे उभं केलं.

"तू मागे हवीस मला," त्या पिकुनला म्हणाल्या. "तुझ्यामुळे मागची रांग ताळ्यावर राहते."

पिकुन हसली होती. त्यानंतर तीन हंगाम ती त्याच रांगेत हसत उभी होती.

फडाची एक रीत आहे. डोक्यावर दीड हात उंच पिसांचा तुरा असतो, तो पुढचीला मागचीने खोचून द्यायचा. कारण साधं आहे. तुरा नाचताना पडला तर पाय मागचीचा पडतो, म्हणून जबाबदारीही मागचीची. रोज संध्याकाळी खाओफांग पालथ्या टोपलीवर बसायची आणि पिकुन तोंडात आकडे धरून तिचे केस ओढून बांधायची. आकडा जरा तिरका लावला तर काय होईल, हा विचार तिच्या मनात रोज यायचा. ती रोज घट्ट लावायची.

दुसरीही एक गोष्ट होती. पडदा उघडल्यावर पहिल्या गाण्याआधी सगळ्या गुडघ्यावर बसून प्रेक्षकांना हात जोडतात. पुढची रांग खाली वाकते आणि तेवढा वेळ मागच्या रांगेचे चेहरे दिसतात. पुढच्या पोरी लवकर उठतात. उठायला उशीर करायला कोणी सांगत नाही आणि कोणी करतही नाही. पिकुन पुढे होती तेव्हा तीही चटकन उठायची.

*

लोम सकला देवळाच्या आवारात मुक्काम होता. माणसं मंच उभारत होती आणि पोरी मंचाखालच्या सावलीत चटया टाकून पडल्या होत्या. खाओफांग उठली ती भुकेने. सोम तम, म्हणजे कच्च्या पपईची कोशिंबीर, कुटायला बसलेल्या जुमच्या शेजारी ती उकिडवी बसली. जुम अठरा वर्षांची, दुसऱ्या रांगेच्या टोकाला नाचणारी. तोंडाला कुलूप नसलेली.

"बरी आहेस का आता?" जुम म्हणाली. "बसमध्ये आतडी पडतील असं वाटलं मला."

"बरी आहे. पीने सांगितलंय काही होत नाही म्हणून."

"कशाचं काही होत नाही?"

खाओफांगने सांगून टाकलं. त्या फडात कुठलीही गोष्ट चटईच्या पलीकडे जायला एक दुपार पुरते.

"तेतच ना?" जुम म्हणाली. तेत हा स्पीकरच्या ट्रकवर काम करणारा पोरगा. "त्याच्या स्पीकरचा आवाज मोठा, पण अक्कल बारीक. रबर घ्यायला दुकान सापडत नाही का त्याला?"

"होतं गं. फाटलं."

"फाटलं म्हणे! खिशात हंगामभर ठेवलं असेल. उन्हात ट्रकवर बसतो, ते वितळलं असेल चीजसारखं."

दोघी खिदळल्या. खाओफांगने मिरचीचा तुकडा उचलून जुमला मारला.

"लाल बाटली घे," जुम म्हणाली. "बायकांची ती गरम औषधाची. माझी मावशी दोन झाकणं प्यायची, लगेच साफ."

"तुझ्या मावशीला मुलं किती?"

"पाच."

पलीकडे पडलेल्या पोरीही हसल्या. पिकुन डोळे मिटून पडली होती आणि सगळं ऐकत होती. हसणाऱ्या आवाजांत खाओफांगचा आवाज वेगळा ओळखू यायचा. पुढच्या रांगेत असलेली पोर असंच हसते, असं तिला वाटलं. मागे नेलं की हसणं बदलतं. स्वतःचं बदललेलं तिला आठवत होतं.

तिने मनात हिशेब मांडला. तीन आठवड्यांत कळेल. त्यानंतर पट्टा लागायचा बंद होईल. पोटुशी पोर मंचावर ठेवत नाहीत, हा फडाचा नियम. हंगाम अर्धा उरलेला असेल. मधली जागा मोकळी ठेवता येत नाही. नव्या पोरीला सगळी गाणी हंगामाच्या मध्यावर शिकवायला वेळ नाही. मधली गाणी कोणाला पाठ आहेत? हिशेब तिने दोनदा तपासला. दोन्ही वेळा उत्तर तिच्याच नावावर आलं.

संध्याकाळी गावाकडून फोन आला. इमचा चेहरा पडद्यावर इतका जवळ होता की नुसतं नाक दिसत होतं.

"आई, आज लाइव्ह आहे ना?"

"आहे. पहिलं गाणं बघ आणि झोप."

"कालचं बघितलं मी. फांगदीदी अशी वळली ना!" फोन खाली पडला, छत दिसलं, मग पोरगी परत आली. "बघितलंस?"

"बघितलं. आणि मी दिसले का?"

"दिसलीस ना." इम थांबली. "म्हणजे आजी म्हणाली, ती बघ तुझी आई. पण पिसं मध्ये येतात. फांगदीदी आहे का तिथे? तिला दे ना फोन."

खाओफांग टोपलीवर तयारच बसली होती. तिने हात मागे करून फोन घेतला आणि इमला वळायचं कसं ते तोंडाने सांगू लागली. टाच आधी, मग कंबर, मान सगळ्यांत शेवटी. ते वळण फडात पिकुनने आणलं होतं. ख्रू ओरासांनी तिच्याकडून ते उचलून सगळ्यांना शिकवलं. खाओफांगला ते माहीत नव्हतं आणि सांगायची ही वेळ नव्हती. पिकुनच्या तोंडात आकडे होते.

खेळाच्या सुरुवातीला याय चान मंचापाशी आली. पान खाणारी ही म्हातारी पिकअपच्या मागे खुर्ची टाकून चार-चार गावं फडामागे फिरते. एके काळी मोगऱ्याचा हार घेऊन ती फक्त पिकुनसाठी यायची. आज तिला गुडघ्यामुळे वर चढवेना. तिने हार मंचाच्या कडेला उभ्या पिकुनच्या हातात दिला.

"बाळ, तेवढा फांगच्या गळ्यात घाल हं माझ्याकडून. तुझा हात पोचतो तिथवर."

पिकुनने हात जोडून हार घेतला आणि खाओफांगच्या गळ्यात घातला. तुरा खोचण्यापेक्षा ते सोपं होतं. हाराला आकडे नसतात.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी ख्रू ओरासा मंचामागे खुर्चीवर बसून पायाला तेल चोळत होत्या. त्या हल्ली काठी घेऊन चालतात, पण रांग चुकली की ती काठी पोटरीवर लागते. पिकुन त्यांना चहा द्यायला गेली.

"फांगचा चेहरा उतरलाय," त्या म्हणाल्या. "काल दोनदा उशिरा वळली."

"घाटात उलट्या झाल्या तिला."

"घाटात सगळ्यांनाच होतात." ख्रू ओरासांनी तिच्याकडे नीट पाहिलं. "मंचाखाली पोरी बोलतात, ते मला वर ऐकू येतं पिकुन. फळ्या पातळ आहेत."

पिकुनने चहाचा कप त्यांच्यापुढे ठेवला.

"तिचं काही झालंच तर मी जुमला तयार ठेवतेय. दुपारी तिला मधली गाणी शिकवायला घे. तुला सगळी पाठ आहेत."

"जुमला?"

"मग कोणाला?"

पिकुनने कप उचलला. त्यात अजून चहा होता हे तिच्या लक्षात आलं नाही.

"ती टोकाची आहे. तिला मधोमध उभं राहता येतं का, ते तरी..."

"ती अठरा वर्षांची आहे," ख्रू ओरासा म्हणाल्या. आवाजात टोचणी नव्हती, भाज्यांचा भाव सांगावा तशा त्या बोलल्या. "बाकीचं शिकवता येतं. चहा इथेच ठेव."

पिकुन मंचाच्या मागच्या बाजूला आली. तिथे पिसांचे तुरे दोरीवर वाळत घातले होते. ती बराच वेळ त्यांच्याखाली उभी राहिली. कालचा हिशेब तिने दोनदा तपासला होता आणि दोन्ही वेळा एकच गोष्ट मोजायची राहिली होती. खाओफांग गेली असती तरी पुढचं डोकं फक्त बदललं असतं. खोचायचं तिलाच होतं. टोपलीवर जुम बसली असती आणि इमने जुमदीदीला फोन दे म्हटलं असतं.

मंचाखालून खाओफांगचा आवाज आला.

"तेतला सांगितलंय मी, आता महिनाभर काही नको वापरूस म्हणून. गोळी घेतलीय ना."

"पीने सांगितलं का असं?" हा जुमचा आवाज.

"नाही, ते मला माहीत आहे. पण चालेल ते पीनेच सांगितलं. तिला कळतं यातलं."

पिकुन खाली वाकून मंचाखाली शिरली.

"फांग, उठ. चप्पल घाल."

"कुठे?"

"औषधाच्या दुकानात."

"आत्ता? भात लावलाय."

"जुम बघेल भाताकडे. ऊठ म्हणतेय ना."

*

दुकान बाजाराच्या तोंडाशी होतं. काउंटरमागे चष्मा लावलेली, पन्नाशीची औषधवाली बाई कोणाला तरी खोकल्याचं औषध देत होती. गिऱ्हाईक गेल्यावर पिकुनने थोडक्यात सांगितलं. गोळी कधी घेतली, उलटी कधी झाली.

"मूळ गोष्ट कधीची?" बाईने खाओफांगला विचारलं.

"परवा दुपारची."

"म्हणजे अजून तीन दिवस झालेले नाहीत. पुन्हा घ्यायची. लवकर घेतली तेवढं चांगलं, आता खात्री थोडी कमी झालीय, पण घ्यायची." बाईने डबी काढली. "क्षयाच्या किंवा फिटच्या गोळ्या चालू आहेत का? नाही ना? ठीक. आधी काहीतरी खा. ही मळमळीची, अर्धा तास आधी घे. आणि आज बसमध्ये बसू नकोस."

"उद्या सकाळी निघणार आम्ही."

"उद्या चालेल. पुन्हा दोन-तीन तासांच्या आत ओकलीस तर परत यायचं. इथे नाही तर जिथे असाल तिथल्या दुकानात." बाई बोटांवर न मोजता सांगत गेली. "मध्ये थोडं रक्त दिसेल, दिसणारही नाही. ती पाळी नाही. खरी पाळी आठवडाभर आधी येऊ शकते किंवा आठवडाभर उशिरा. तीन आठवड्यांत आली नाही, किंवा अगदीच थोडी आली, तर तपासणीची पट्टी आणायची. पोटात एका बाजूला जोरात दुखलं तर पट्टीची वाट बघायची नाही, सरळ दवाखाना."

"आणि बाई," खाओफांग म्हणाली, "यामुळे पुढे मूल होत नाही म्हणतात."

"कोण म्हणतं? काही होत नाही तसं. आणि दिवस आधीच गेले असतील तर ही गोळी ते पाडतही नाही. लाल बाटली प्यायलीस का?"

"अजून नाही."

"पिऊ नकोस. आणि यापुढे महिनाभर काळजी नाही असं वाटत असेल तर ते चूक आहे. आजपासून रबर वापरायचं, नाहीतर रोजची गोळी किंवा इंजेक्शन सुरू करायचं. रोजची सुरू केलीस तरी पहिले सात दिवस रबर हवंच." बाईने चष्म्यावरून पाहिलं. "पण मला एक कळत नाही. काल सकाळी उलटी झाली. काल का नाही आलीस?"

खाओफांगने डबी हातात घेतली होती. ती डबीच बघत राहिली.

"मी विचारलं होतं," ती हळू आवाजात म्हणाली.

"कोणाला?"

खाओफांगने मान वळवून पिकुनकडे पाहिलं. टाच हलली नाही, कंबर हलली नाही, नुसती मान. बाईनेही पाहिलं. मग तिने मळमळीच्या गोळ्या पुडीत घातल्या आणि पुढच्या गिऱ्हाइकाला काय हवंय ते विचारलं.

रस्त्यात दोघी एका शेडखाली थांबल्या. खाओफांगने दोन केळी खाल्ली, मळमळीची गोळी घेतली, मग अर्ध्या तासाने डबीतल्या दोन्ही गोळ्या घेतल्या. पिकुनने पाण्याची बाटली धरली होती.

"तुला काल माहीत होतं," खाओफांग म्हणाली.

"हो."

"घाटातच माहीत होतं?"

"हो."

"मग आज का सांगितलंस?"

पिकुनकडे दोन उत्तरं होती. एक ऐकायला बरं वाटलं असतं. दुसरं जुमबद्दल होतं. तिने बाटलीचं झाकण लावलं.

"चल, ऊन वाढलं."

*

त्यानंतर खाओफांग तिच्याशी बोलली नाही. बसमध्ये ती जुमशेजारी बसू लागली. पण रीत ती रीत. रोज संध्याकाळी ती पालथ्या टोपलीवर पाठ करून बसायची आणि पिकुन तुरा खोचायची. आधी त्या दहा मिनिटांत खाओफांगची बडबड असायची. आता आकड्यांचा आवाज तेवढा यायचा.

बोलत नसली म्हणून जळणं कमी होत नाही. उलट पिकुनला आता जळायला आणखी एक कारण झालं. पोरगी तिच्यावर रागावली होती आणि तो राग योग्य होता. चांगलं नाचणाऱ्या, चांगलं दिसणाऱ्या माणसाचा राग योग्यही असावा, हे जरा जास्तच होतं.

फेचबूनला मुक्काम असताना एक दिवस जुम मंचाखालून ओरडतच आली.

"आली! फांगची आली! तेतला सांगा, सगळ्यांना आइस्क्रीम पाहिजे!"

पोरींनी टाळ्या वाजवल्या. खाओफांग हसत होती, पण तिने छोट्या आरशात मागे पाहिलं. आरशात पिकुन होती. पिकुनने मान हलवली. नाही.

"ती पाळी नाही," पिकुन म्हणाली. "एवढ्या लवकर, एवढंसं. त्या बाईने सांगितलं होतं."

टाळ्या थांबल्या.

"तुझ्यावर विश्वास ठेवू मी?" खाओफांग म्हणाली. आठवडाभरातलं तिचं हे पहिलं वाक्य.

"माझ्यावर नको ठेवूस. मी याच जागी फसले होते. इम त्यातलीच. तू तीन आठवडे थांब आणि पट्टी लाव."

"आणि आइस्क्रीम?" जुमने विचारलं.

"ते खा," पिकुन म्हणाली. "आइस्क्रीमने काही होत नाही."

त्यावर खाओफांगला हसू आलं आणि तिने ते दाबलं. त्या दिवसापासून तेतला मंचाच्या खाली यायला बंदी झाली. स्पीकरच्या ट्रकवरून तो पिकुनकडे रागाने बघायचा. फडातला बातमीचा वेग पाहता सगळं तिच्यामुळे झालं असंच त्याच्या कानावर गेलं असणार.

तीन आठवडे उलटले तरी खाओफांगची खरी पाळी आली नाही. जुमची मधली गाणी तोवर पाठ झाली होती. पिकुनने तिला शिकवलीच होती, टाच आधी, मग कंबर. जुम वाईट नव्हती. पिकुनला तेही आवडलं नाही.

तपासणीची पट्टी एका शाळेच्या मैदानावर मुक्काम असताना लावली. सकाळची वेळ, शाळेला सुट्टी. खाओफांग संडासात गेली आणि दाराबाहेर जुम उभी राहिली. पिकुन नळावर कपडे धूत होती. ती हाकेच्या अंतरावर होती, पण तिला कोणी हाक मारली नाही. कापडावरची एकच वेलबुट्टी तिने पुन्हा पुन्हा घासली. हिला दिवस गेलेले निघाले तर? तिने स्वतःला विचारलं. तर घाटातला तो एक शब्द पुढे एक माणूस होऊन चालेल, बोलेल, फोनवर खेळ बघत आजीला विचारेल की आई कुठली. आणि नसले तर? तर ही पुढे नाचेल आणि मी मागे. या दुसऱ्या उत्तराने तिला हायसं वाटायला हवं होतं. ते वाटत होतं आणि पोटात दुखतही होतं. दोन्ही एकाच वेळी.

दार उघडलं. खाओफांग बाहेर आली, पट्टी जुमच्या नाकापुढे धरली. जुमने किंकाळी फोडली आणि तिला मिठी मारली.

"एकच रेघ! काही नाही गं!"

खाओफांग नळापाशी आली. तिने हात धुतले. साबण पिकुनजवळ होता, तो तिने मागितला नाही, उचलला.

"चार-पाच दिवसांत आली नाही तर अजून एक लाव," पिकुन म्हणाली.

"माहीत आहे." खाओफांगने साबण जागेवर ठेवला. "उद्या दवाखान्यात जाणार आहे. इंजेक्शनचं विचारायला." ती निघाली आणि दोन पावलांवर थांबली. "पी, काल तुरा सैल होता. तिसऱ्या गाण्यात हलत होता."

"सैल नव्हता."

"होता. आज घट्ट लाव."

संध्याकाळी ती टोपलीवर बसली. पिकुनने कालचे आकडे आठवून पाहिले. कदाचित एक तिरका गेला असेल. मुद्दाम नाही, असं तिने स्वतःला सांगितलं आणि ते किती खरं हे तपासत बसली नाही. आज तिने दोन आकडे जास्त लावले. खाओफांग "आई गं" म्हणाली.

"घट्ट पाहिजे होता ना?"

"डोकं उपटू नकोस."

पडदा उघडला. सगळ्या गुडघ्यावर बसल्या, पुढची रांग हात जोडून खाली वाकली. समोर चटयांवर बसलेले लोक, पहिल्या चटईवर खुर्चीत याय चान, आणि मंचाखाली फोन उंच धरून लाइव्ह दाखवणारा माणूस. पिकुनने हनुवटी वर केली आणि त्या फोनकडे बघून हसली. खाओफांग उठली. नेहमीइतकीच चटकन. तीन आठवड्यांत काय काय झालं, त्याने त्या उठण्यात काडीचाही फरक पडला नव्हता. तिच्या जागी पिकुन असती तर तीही उठली असती.

पिसं मध्ये आली. एकही हलत नव्हतं.

पहाटे बसमध्ये चढल्यावर तिने फोन उघडला. इमने झोपण्याआधी आवाजात निरोप ठेवला होता. "आई, आज दिसलीस. एवढीशी. मग फांगदीदी उठली."